आधी पत्रा, मग इंजिन

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलेला मेकॅनिकलवाला पहिलं काम काय करतो? बॉनेट उघडतो! इंजिनचा आवाज ऐकतो, धूर बघतो, डिपस्टिक काढून तेल बोटांवर चोळतो आणि मोठ्या जाणकारासारखी मान हलवतो. हे करू नये असं नाही. पण गाडी जगणार की मरणार, आणि आपला खिसा वाचणार की फाटणार, हे ज्या गोष्टीवर ठरतं ती बॉनेटखाली नसते. ती दाराखाली असते, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. ती बघायला गुडघे टेकावे लागतात, म्हणून सहसा कुणी बघत नाही.

संपादक मंडळाने 'माजी विद्यार्थ्यांकडून काहीतरी लिहा' असं कळवलं, तेव्हा करिअर मार्गदर्शन इतर मंडळी करतीलच, आपण जरा हात काळे करू, असं ठरवलं. मी २०११ चा मेकॅनिकलचा. सध्या इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ नोकरी करतो. शैक्षणिक कर्जाचा शेवटचा हप्ता २०२१ मध्ये फिटला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे म्हणावे असे साडेसहा हजार पौंड गाठीला राहिले. त्यात १९७३ ची एक एमजीबी जीटी घेतली आणि दीड वर्ष शनिवार-रविवार खपून रस्त्यावर आणली. जुन्या गाड्यांचा माझा पूर्वानुभव शून्य होता. म्हणूनच, नवख्याने हे कसं करावं ते क्रमाने सांगतो.

हीच गाडी का?

एमजीबी ही दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनली. कापडी टपाची ती रोडस्टर, आणि १९६५ पासून आलेली पक्क्या छपराची ती जीटी. दोन्ही मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. नवख्याच्या दृष्टीने हा आकडाच सगळ्यात महत्त्वाचा. गाडी भरपूर बनली म्हणजे सुटे भाग भरपूर, पुस्तकं भरपूर आणि सल्ला देणारेही भरपूर. इतकंच काय, १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने जुनेच साचे वापरून एमजीबीचे कोरे सांगाडे पुन्हा बनवायला घेतले. तेव्हा पहिला नियम असा, की दुर्मिळ गाडीच्या नादाला लागू नका. दुर्मिळ गाडीचा टेललाइट शोधण्यात तारुण्य जातं.

माझ्यासाठी दुसरंही एक कारण होतं. आमचे अण्णा साताऱ्याला एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. सत्तावीस वर्षं त्यांनी अ‍ॅम्बॅसडर चालवली आणि बरीचशी दुरुस्ती स्वतःच केली. अ‍ॅम्बॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन हे एकाच 'बी सीरीज' घराण्यातले. दोघांचा स्ट्रोक अगदी तोच, ८८.९ मिमी. फक्त बोअर ७३ वरून ८० मिमीच्या वर नेला, वर दोन एसयू कार्बोरेटर बसवले आणि साहेबाची गंभीर गाडी स्पोर्ट्स कार झाली. साहेबांना मीटिंगला नेणारं इंजिन आणि इथल्या पोरांना समुद्रावर नेणारं इंजिन सख्खे चुलतभाऊ निघाले! म्हणजे माझा तज्ज्ञ सल्लागार साताऱ्यात बसलेला होता, तोही बिनपगारी.

गाडी घ्यायचा विचार व्हिडिओ कॉलवर अण्णांना सांगितला तर ते एवढंच म्हणाले, "इंजिनाचं काय घेऊन बसलास? ते दोन दिसात खाली उतरतं. पत्रा सडला की गाडी गेली." पुढचा सगळा लेख म्हणजे या वाक्याचा विस्तार समजा.

दाराखालचा चौकोनी पाइप

ट्रकला किंवा जीपला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी काढली तरी गाडी उभी राहते. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याचं खोकं हीच चासी. आणि रोडस्टरला तर छप्परही नाही. मग पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून कोण ठेवतं? फरशी, मधला बोगदा आणि मुख्य म्हणजे दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्या. त्यांना सिल म्हणतात. आतला पत्रा, मधला उभा पत्रा, बाहेरचा पत्रा आणि तळाशी एक कंगोऱ्याची पट्टी असे थर एकत्र वेल्ड करून ही बंद पेटी तयार होते.

'बंद' या शब्दाला इथे फार किंमत आहे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक काढा आणि टॉर्शनचं प्रकरण उघडा. १०० मिमी बाजूचा, १ मिमी जाड पत्र्याचा चौकोनी पाइप घ्या. तो बंद असताना टॉर्शन कॉन्स्टंट येतो a³t. आता त्याला लांबीभर एक चीर द्या. वजन तेच, पत्रा तोच, पण कॉन्स्टंट होतो 4at³/3. दोन्हींचं गुणोत्तर काढलं तर 3a²/4t², म्हणजे साडेसात हजार! एका चिरेने पाइप पिळायला साडेसात हजार पट सोपा झाला. विश्वास बसत नसेल तर काडेपेटीचं बाहेरचं कव्हर पिळून बघा आणि मग एका कडेवर ब्लेड फिरवून पुन्हा पिळा. खरी गाडी काही शुद्ध पाइप नसते, पण तळाचा जोड गंजून सुटला की सिलचं होतं ते हेच. वरून रंग चकचकीत, आत चिरलेली काडेपेटी. अपघातात बाजूने धडक बसली तर मध्ये काय उरतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

इथे हा गंज लागतो कशाने? हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. पुढची चाकं तो खारट चिखल मडगार्डच्या आत मागच्या कोपऱ्यात फेकतात. तो तिथे साचतो, ओला राहतो आणि पत्रा आतून खात बसतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं काम बहुधा आटोपलेलं असतं.

बघायला जाताना

सोबत न्यायच्या वस्तू चार: लोहचुंबक, टॉर्च, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि गुडघ्याखाली घ्यायला पोतं. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा नको. मग हा क्रम धरा.

१. लांब उभं राहून दारांच्या फटी बघा. फट वर निमुळती आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्ये खचली आहे. रोडस्टरमध्ये हे जास्त.

२. चुंबक सिलवर, मागच्या चाकाच्या पुढच्या कोपऱ्यावर आणि मडगार्डच्या खालच्या टोकावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे.

३. मालकाची परवानगी घेऊन जॅकच्या जागेवर जॅक लावा आणि हळूहळू उचला. चाकाआधी फक्त पत्राच कुरकुरत वर आला, किंवा दार अडकायला लागलं, तर जॅक खाली घ्या, मालकाचे आभार माना आणि घरी या.

४. सीटमागचं झाकण उघडून बॅटरीचे कप्पे बघा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे असायच्या. कप्प्याच्या तळातून रस्ता दिसला तर दर कमी करा.

५. गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर बघा. चालत्या गाडीत ५० ते ७० पीएसआयच्या आसपास हवं. हे मुद्दाम पाचवं ठेवलंय!

घरून निघण्यापूर्वीही एक काम करता येतं. इथे गाड्यांच्या वार्षिक तपासणीचा इतिहास नुसत्या नंबरवरून ऑनलाइन फुकट दिसतो. दहा वर्षांपूर्वी तपासनिसाने 'डाव्या सिलला गंज' असं लिहिलं असेल आणि नंतर दुरुस्तीचं एकही बिल नसेल, तर गंज आपोआप बरा झालेला नसतो.

मी सात गाड्या बघितल्या. त्यातली दोन उदाहरणं सांगतो. एक लाल रोडस्टर, तारांची चाकं, क्रोमचे बंपर, किंमत ५,९०० पौंड. इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. फोटो बघून अण्णासुद्धा पाघळले होते. पण चुंबक सिलवरून दोनदा घसरला. खाली टॉर्च मारला तर जुन्या सिलवर नवीन पत्रा नुसता टोपीसारखा चढवलेला. याला इथे 'कव्हर सिल' म्हणतात. आत गंजलेला थर तसाच, त्यावर ओलावा कोंडलेला. मूळ सिल तर पुढच्या मडगार्डच्या मागे वरपर्यंत जातं, म्हणून खरं काम करायचं तर मडगार्डचा खालचा भाग कापावाच लागतो. तो कापल्याची खूण कुठेच नव्हती. गाडी सोडली. सोडताना जीवावर आलं, हेही सांगतो.

दुसरी ही माझी जीटी. रंग उडालेला हिरवा, सीट फाटलेल्या, इंजिन बंद, किंमत २,८०० पौंड. पण उजवीकडचं सिल आधीच्या मालकाने पूर्ण बदललेलं, फोटो आणि बिलासकट. डावीकडचं सडलेलं, पण उघडंच सडलेलं. त्यावर कुणी लांबी भरून लपवाछपवी केलेली नव्हती. दिसणारा गंज मोजता येतो, त्याचा खर्च काढता येतो. झाकलेल्याचा नाही. शिवाय जीटीला छप्पर असल्याने सांगाडा अधिक ताठ, आणि किंमत रोडस्टरपेक्षा कमी. नवख्याला आणखी काय हवं?

पैशाचा हिशोब

सोपा नियम असा: जवळ असलेल्या पैशाच्या निम्म्यातच गाडी घ्यायची, निम्मे हातात ठेवायचे. माझा खर्च असा झाला. गाडी २,८००. डावं सिल, कंगोऱ्याची पट्टी आणि अर्धी फरशी, मजुरीसह १,७००. ब्रेक ४२०. चार टायर २६०. पेट्रोलचे पाइप आणि वायरिंग १८०. कार्बोरेटरचं सामान १२०. एकूण ५,४८० पौंड, उरले १,०२०. रंग अजून तोच, उडालेला हिरवा!

वेल्डिंग मी स्वतः केलं नाही, आणि हे ठरवून. जेमतेम एक मिलिमीटरच्या पत्र्यावर मिग वेल्डिंगचा हात बसायला वेळ लागतो आणि सिल ही शिकायची जागा नव्हे. हे काम एका अनुभवी वेल्डरला दिलं आणि मदतनीस म्हणून उभा राहिलो. त्याने आधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी सळई वेल्ड करून चौकट जखडली, गाडी योग्य जागी टेकवली, मगच कापायला घेतलं. आधार न देता सिल कापलं तर सांगाडा केळ्यासारखा वाकतो आणि नवीन सिल त्या वाकडेपणातच पक्कं होतं. मग दार कधीच नीट बसत नाही. काम झाल्यावर पेटीच्या आत मेण फवारलं, पाणी निघून जायची भोकं मोकळी ठेवली. इथे आतल्या फवाऱ्याइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

कामाचा क्रम: थांबणं, वळणं, मग पळणं

इंजिन सुरू करायची खाज सगळ्यांनाच असते. पण जी गाडी थांबू शकत नाही ती सुरू करून काय उपयोग? म्हणून आधी ब्रेक. उभ्या गाडीत मागच्या ड्रमचे सिलिंडर चिकटतात, रबरी होज आतून फुगतात. हे सगळं बदललं. टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूचा चार आकडी कोड होता २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असो, एवढं जुनं रबर काढून टाकायचं. मग पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस. ही सवय नव्या गाडीवाल्यांना नसते, म्हणून मुद्दाम सांगतो.

एक सूचना पान्यांची. ही गाडी इंचातली आहे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिमी. त्याला १३ चा पाना बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की कडा गोल करून टाकतो. इंचाच्या पान्यांचा सेट पहिल्या दिवशी घ्या.

मग वायरिंग. या ब्रिटिश वायरिंगची टिंगल करायची इथे पद्धतच आहे. खरं तर बहुतेक वेळा दोष तारेचा नसतो, गंजलेल्या अर्थचा असतो. गणित करा. १२ व्होल्टवर ४८ वॅटचा दिवा म्हणजे ३ ओहम. अर्थच्या जोडात अर्धा ओहम वाढला, की करंट ४ अँपिअरवरून ३.४ वर येतो आणि दिव्याला मिळतात सुमारे ३५ वॅट. दिवा मंद म्हणून लोक डायनॅमोपासून स्विचपर्यंत सगळं बदलतात. सॅंडपेपर दोन मिनिटांत काम करतो.

पेट्रोलचंही बघावं लागतं. इथे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी पाइपांना ते सोसत नाही. म्हणून सगळे पाइप नव्या प्रकारचे घातले आणि पेट्रोल कमी इथेनॉलचं, महागातलं भरतो.

आता एसयू कार्बोरेटर. दिसायला बोजड, पण डोकं अफाट. यात हवेच्या वाटेत एक पिस्टन वर-खाली होतो. इंजिनाने जास्त हवा ओढली की पिस्टन वर जातो, वाट रुंदावते, आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते, म्हणजे पेट्रोलही त्याच मापात वाढतं. तपासायची युक्ती बघा: पिस्टन मिलिमीटरभर उचला. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच, इंजिन लगेच गुदमरलं तर लीन, क्षणभर वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. ना लॅपटॉप, ना सेन्सर.

आणि शेवटी टॅपेट. थंड इंजिनाला गॅप ०.०१५ इंच. हे काम मी अण्णांच्या देखरेखीखाली केलं. फोन बॉनेटला टेकवून ठेवलेला, साताऱ्यात संध्याकाळ झालेली. व्हॉल्व्ह आठ, कुठला कधी सेट करायचा? अण्णांनी विचारलं, "आठवा पूर्ण दाबलेला हाय का? मग पहिला लाव. बेरीज नऊ आली पायजे." सातवा दाबला की दुसरा, सहावा दाबला की तिसरा. मी नंतर वर्कशॉप मॅन्युअल उघडलं तर त्यातही हाच नऊचा नियम! सरकारी गाडीखाली शिकलेली विद्या अ‍ॅबिंग्डनच्या गाडीला जशीच्या तशी लागू पडली. इंजिन सुरू केलं तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तिसऱ्याचा गॅप परत बघ." बघितला. खरंच जास्त होता!

मे २०२३ मध्ये गाडी रस्त्यावर आली. चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना इथे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. रोड टॅक्सही भरावा लागत नाही. तरी मी तपासणी मुद्दाम करून घेतो. आपल्या कामावर दुसऱ्याची नजर फिरलेली बरी.

आपल्याकडे काय?

'आम्हाला कुठे एमजीबी मिळणार?' असं म्हणाल तर वरची एकही गोष्ट एमजीबीपुरती नाही. अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी या दोघींनाही वेगळी चासी नाही, पत्रा हीच चासी. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, अ‍ॅम्बॅसडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण गावोगावच्या गॅरेजच्या मागे या गाड्या अजून उभ्या आहेत. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण मुंबई-कोकणातली खारी हवा तेच काम करते. कोरड्या भागातली गाडी मिळाली तर अर्धी लढाई जिंकलात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीची सोयही केली आहे. मात्र ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आणि कागदपत्रांतला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

फायनल इयरवाल्यांना प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर हा घ्या. एखादी जुनी पद्मिनी शोधा, दाराखालचा पत्रा मोजा, सिल चांगलं असताना आणि सडल्यावर सांगाड्याचा ताठपणा किती बदलतो ते सॉफ्टवेअरवर काढा आणि जॅक लावून प्रत्यक्षाशी ताडून बघा. पुस्तकातला तो a³t तेव्हा कुरकुरताना ऐकू येईल. आणि गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींशी बोलून घ्या. नऊचा नियम त्यांच्या बोटांत आहे. तो त्यांच्याबरोबर जायच्या आत वहीत उतरवून घेणं आपलं काम आहे.